‘सगळ्याइलेच जाते’ म्हणणारी मी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आता तुम्हाला सांगते आहे म्हणून लगेच डोळ्यांत पाणी आणू नका — मला कीव नको. आणि माझी धाकटी जाऊ वर्षा मला तेव्हा आवडत नव्हती, आजही आवडत नाही.

ती काटोलची. गोड बोलणारी, हाताला चव असलेली. सासूबाईंनी तिच्या पुरणाचं कौतुक केलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आम्ही नागपुरात राहतो, दारात दोन गाड्या आहेत, पण पाळी आली की बाई स्वयंपाकघराबाहेर — हे आमच्याकडे अजून चालतं. म्हणजे एक बाहेर बसली की सगळं दुसरीच्या गळ्यात. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या तोंडावर वर्षा बाहेर बसली, ती उठेचना. आठवडा उलटला तरी नाही! भांडी मी, पोळ्या मी, सासूबाईंचा चहा मी. मनातल्या मनात तिला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

एका दुपारी ती माझ्याजवळ आली. ओठ पांढरेफटक.

“ताई, थांबूनच नाही राहिलं. तासाभरात पॅड भरते, गाठी पडतात. उभी राहिली का गरगरते. डॉक्टरले दाखवू का?”

आता ऐका. मला माहीत होतं. माझं स्वतःचं असंच झालं होतं आधी, आणि माहेरी जाते सांगून मी गुपचूप डॉक्टरीणबाईंना दाखवून आले होते. त्यांनी बजावलं होतं — एवढं जात असेल, आठवड्याच्या वर लांबत असेल, चक्कर येत असेल, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. औषधांनी मी बरी झाले. मग तिला हे का नाही सांगितलं? विसरले? छे. चांगलं आठवत होतं.

“सगळ्याइलेच जाते वं,” म्हणाले मी. “नाटकं नको करू.”

वर सासूबाईंचे कान भरले, तिला कामाचा कंटाळा आहे म्हणून. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काहून वं, अजून बाहेरच?” दुसऱ्या दिवशी वर्षा न्हाऊन आत आली. संपली म्हणाली. पुरण वाटता वाटता तिथेच कोसळली. साडी मागून पूर्ण भिजलेली होती.

दवाखान्यात रक्त चढवलं. गर्भपिशवीत गाठी निघाल्या. डॉक्टर चिडले — घरातल्या एकाही बाईला कळलं नाही? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी —

“आमाले ती काही बोललीच नाही.”

वर्षा शुद्धीवर होती. तिने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे पिशवी काढावी लागली. तिला अजून मूल नव्हतं. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, पोरीनं लपवलं, आपल्या हातानं करून घेतलं. मी तेव्हा कपात चहा ओतत असते.

यंदा माझ्या लेकीला पहिल्यांदा पाळी आली. वर्षाने तिला समोर बसवून सगळं समजावलं — किती गेलं तर जास्त, कधी घरी न बसता डॉक्टरकडे जायचं. लेकीने येऊन मला सांगितलं, अगदी भोळेपणाने, शेवटचंही.

“काकू म्हणे, असं काही झालं तर सरळ मले सांग. आईले नको सांगू.”

मी म्हटलं, काकूचं ऐक.