मागणी नसलेले गाणे

बर दुबईत, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, व्हिसाचे फॉर्म टाइप करून देणाऱ्या एका टायपिंग सेंटरच्या दाराशी माझे टेबल आहे. होते, असे म्हणणे अधिक योग्य. माझे शिक्षण नववीत थांबले हे मी लपवत नाही. परंतु माझ्या हातच्या अर्जांखाली पदवीधरांनी मुकाट्याने सह्या केल्या आहेत, हेही लपवत नाही. रजा नाकारलेला, पासपोर्ट हरवलेला, मुलाला शाळेत प्रवेश न मिळालेला, असे कितीतरी लोक माझ्यासमोर बसून गेले. अर्जाला एक शिस्त असते. प्रथम समोरच्याच्या पदाचा मान, मग अर्जदाराच्या कुटुंबाची स्थिती, मग अडचण, आणि सर्वांत शेवटी, मान लववून, मागणी. ही शिस्त मोडणे म्हणजे पादत्राणांसह गाभाऱ्यात शिरणे.

आमचे शेठ मूळचे रत्नागिरीचे. उन्हाळा संपत आला होता, तेव्हा एका सकाळी ते माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. अर्जबिर्ज आता लोक फोनवरच करतात. दारातली जागा मला झेरॉक्स मशीनला पाहिजे."

"शेठ, मशीनला माणसाची अडचण कळते का?"

"नाही कळत. पण दिवसभर चहा पण मागत नाही, हबीबी."

माझा चेहरा पाहून त्यांनाच अवघडल्यासारखे झाले असावे. "असं करा," ते म्हणाले, "सेंटरची एक जाहिरात काढू. गाणं पाहिजे त्यात. व्हॉट्सॲपवर फिरवू. अर्जाला गिऱ्हाईक आलं, तर टेबल इथंच राहील. इन्शाल्ला."

गाण्याचा विषय निघाला म्हणजे मला माझ्या मुलीकडे जाणे भाग होते, आणि ते मला मुळीच आवडले नाही. कन्या कॉलेजात शिकते आणि जपानी टेलिव्हिजनवरच्या जाहिरातींची गाणी गोळा करते. इतर मुली दागिने जमवतात, ही साबणाची, रश्श्याच्या मसाल्याची, डोळ्यांत घालायच्या थेंबांची गाणी जमवते. अल कुसैसच्या आमच्या दोन खोल्यांत ती सदैव वाजत असतात. एका शोकाकुल गृहस्थाचा रजेचा अर्ज लिहिताना माझ्या डोक्यात न्हाणीघरातल्या सुगंधी पुडीचे गाणे फिरू लागले, तेव्हा मी घरी येऊन फोन बंद करायला लावला होता. आता त्याच फोनपुढे मी मांडी घालून बसलो.

तिने मसाल्याचे गाणे लावले. एक बाई भांडे ढवळते, कोणीतरी दारात येऊन बूट काढतो, मागे लहान मुलाचा आवाज गातो. शेवटी कंपनीचे नाव चार सुरांत आणि खलास. सारा प्रकार एका जांभईइतका.

"काय म्हणतो तो मुलगा?"

"आज उशीर झाला, तरी रस्सा गरम आहे."

"पुढे?"

"दॅट्स इट, बाबा."

"भाव? पत्ता? विकत घ्या म्हणून विनंती?"

"देअर इज नो विनंती, बाबा. दे नेव्हर आस्क."

मला संताप आला. कोट्यवधींच्या कंपन्या, त्यांना दारात उभे राहून साधे 'कृपया' म्हणता येऊ नये? आणि तरीही, हे मान्य करणे मला जड जाते, दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो रस्सा माझ्या कानात उकळतच होता.

मी गाणे लिहिले. त्यात मायना होता. सेंटरच्या स्थापनेचा उल्लेख होता, शेठजींच्या दानतीचा गौरव होता, परदेशस्थ बांधवांच्या व्यथांचे वर्णन होते. शेवटच्या कडव्यात 'सेवेची संधी द्यावी ही नम्र प्रार्थना' असे यमकात बसवले होते. ते बसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेठ चष्मा लावून वाचू लागले आणि मधेच थांबले.

"मास्तर, हे गाऊन संपेपर्यंत माणसाचा व्हिसा संपेल."

मुलीने तर कागद हातात घेऊन सरळ कात्री चालवली. मान गेला, गौरव गेला, प्रार्थना गेली. मधल्या एका ओळीत, गिऱ्हाइकाचे स्वागत कसे होते हे सांगताना, मी आमचे रोजचेच बोलणे घातले होते. तेवढेच तिने ठेवले, सर्वांना कळावे म्हणून हिंदीत केले आणि स्वतः गायले: बैठो, पानी पियो, फिर बोलो. त्यापुढे सेंटरचे नाव.

"आणि अर्ज? अर्ज लिहून मिळतील हे कुठे आहे?"

"बाबा, ट्रस्ट मी."

गाणे फिरले. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मुले ते म्हणू लागली. अल क्वोजच्या कामगारवस्तीतून माणसे येऊ लागली, दारातूनच गुणगुणत. शेठ मला सर्वांदेखत म्हणाले, "मास्तर, कमाल केलीत." मी टेबलावरची धूळ पुसून, कोरे कागद नीट लावून बसलो.

ती माणसे माझ्यासमोरून आत गेली. कोणाला फोटो हवा होता, कोणाला व्हिसाच्या कागदांच्या प्रती, कोणाला फॉर्म टाइप करून. रांग दाराबाहेर उन्हात गेली. एक जण माझ्या खुर्चीत बसला, मला आशा वाटली, तर त्याला बुटाची नाडी बांधायची होती. त्या आठवड्याच्या अखेरीस शेठ आले. त्यांना बोलणे जमेना, म्हणून मीच म्हणालो, "मशीन केव्हा येते आहे?"

"उद्या. गर्दीच एवढी झाली, मास्तर. यल्ला, चला, मनाला लावून घेऊ नका."

माझे टेबल आत, चहाच्या ओट्याशेजारी गेले. माझ्याच ओळीने जमवलेल्या गर्दीने मला दारातून उठवले, हे मी मुलीला सांगितले तेव्हा ती मराठीत म्हणाली, "चुकलं माझं, बाबा." घरात ती आपणहून मराठी बोलते ती अशाच प्रसंगी.

आत बसून मला काही काम उरले नव्हते. तेवढ्यात शेठ एका माणसाला घेऊन आले. अल कुसैसमध्ये त्याची लाँड्री आहे. शेठ त्याला म्हणाले, "हेच ते. यांनीच बनवलं," आणि घाईने रांगेकडे गेले.

तो खुर्चीत बसला. चांगला धष्टपुष्ट, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस. मी कोरा कागद ओढला, वर तारीख घातली आणि नेहमीप्रमाणे विचारले, "बोला, अडचण काय आहे?"

"अडचण?" तो हसला. "अडचण कसली? धंदा मस्त आहे. गाणं पाहिजे."

मी लेखणी कागदावर टेकवली. ज्याला कोणतीही अडचण नाही असा माणूस माझ्यापुढे आजवर कधी बसला नव्हता, आणि अशा माणसासाठी पहिली ओळ कशी लिहितात हे मला ठाऊक नव्हते.