गिळण्याची घाई

पापाटोएटो या आमच्या उपनगरातल्या बागेत रोज एक आजोबा बाकावर बसलेले असत. आमचा कुत्रा तिथे बदकांची विष्ठा खायचा आणि मी ओरडत धावलो की जास्तच घाईने गिळायचा. "हे थांबलं नाही, तर त्याला परत देऊन या," असं बायकोने बजावलं होतं.

एकदा आजोबा म्हणाले, "अहो, तुम्ही धावलात की त्याला वाटतं, वाटा मागायला आले. पाठ फिरवून चालू लागा आणि चीजचा तुकडा काढून हाक मारा."

दहापैकी आठ वेळा तो विष्ठा सोडून आला. बायकोला तेवढं पुरलं.

"हे कुठे शिकलात?" मी आजोबांना विचारलं.

ते हसत खिशातून पेढा काढत होते, तोच त्यांची सून ओरडत धावत आली, "बाबा, शुगर!"

आजोबांनी पेढा न चावताच गिळला.