टाकीवरच्या मावशी

नळाच्या तोट्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मावशी एकोणीस वर्षं टाकीवर होत्या. यंत्रावरून आलेल्या तेलकट तोट्या जाळीच्या टोपलीत भरायच्या, टाकीतल्या गोडसर वासाच्या, तेल काढणाऱ्या 'ट्राय' नावाच्या द्रावणात बुडवायच्या आणि वर काढायच्या. तेल क्षणात गायब. मावशी हातही त्यानेच धुवायच्या. "नवऱ्याला एकदा यात बुचकळून काढते, चकचकीत होईल," असं म्हणून सगळ्यांना हसवायच्या.

दुपारनंतर मात्र डोकं गरगरायचं. एकदा टाकीत वाकून गाळ काढताना तोल गेला. शेजारच्या फिटरने मागून धरलं म्हणून वाचल्या.

"उपाशीपोटी आला असाल," सुपरवायझर म्हणाला. त्या जेवून आल्या होत्या, पण वाद कोण घालणार?

मग बोटं बधिर झाली. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा सुनेने हट्टाने दवाखान्यात नेलं. तपासणीत यकृताला सूज निघाली.

"दारू घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सून फिसकन हसली. "दारू? यांना खोकल्याचं औषधसुद्धा चढतं!"

"मग काम काय करता?"

मावशींनी सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. ते द्रावण श्वासातून जातं, कातडीतूनही जातं, म्हणाल्या. नसा, यकृत, मूत्रपिंड, काही सोडत नाही; कॅन्सरचीही भीती. "आणि वापरून झालेलं कुठे टाकता?"

दर शनिवारी दोन बादल्या, कारखान्यामागच्या खड्ड्यात. "जमीन पिऊन टाकते ना," मावशी म्हणाल्या.

"पाण्यापेक्षा जड असतं ते. जमिनीतून खाली खाली उतरतं, पार पाण्यापर्यंत."

खड्ड्याच्या उताराला, भिंतीपलीकडे, वीस-बावीस घरांची विहीर होती.

घरी नवऱ्याने समजावलं, "तू हुकमाची ताबेदार. तुझं काय चुकलं? गप्प बस, नोकरी जाईल."

"हुकूम त्यांचा, पण बादली माझ्या हातात होती," मावशी म्हणाल्या. त्या रात्री जेवण काही गेलं नाही.

सकाळी त्या थेट विहिरीवर गेल्या आणि पाणी भरणाऱ्या बायकांना सगळं सांगितलं. एकीने घागर आपटली. "माझी पोरं हेच पाणी पितात! एकोणीस वर्षं झोपली होतीस का?" मावशी मान खाली घालून उभ्या राहिल्या.

वस्तीतल्या एका शिक्षकाने पाणी तपासायला पाठवलं. अहवालात तेच द्रावण निघालं. मालकाने आधी कानावर हात ठेवले. "पाण्याला वास तरी येतो का?" सरकारी तपासनीस आले तेव्हा मावशींनी त्यांना हाताला धरून खड्ड्यापाशी नेलं, कुठे, किती, कधीपासून, सगळं सांगितलं. नोकरी त्याच आठवड्यात गेली.

विहिरीवर लोखंडी झाकण बसलं, वस्तीला नळ आला. कारखान्यात आता गरम साबणपाण्याचं यंत्र आहे. मावशींचं यकृत बरंच सावरलं; बोटं काही सुधारली नाहीत. त्या खोकी चिकटवायच्या कामावर जातात, तिथे बारीक काम नाही. विहिरीचं पाणी दर सहा महिन्यांनी तपासतात. चार वर्षं झाली, ते द्रावण अजून निघतंच, म्हणून विहीर बंदच आहे. घागर आपटणारी बाई मावशींशी अजून बोलत नाही. मावशींना तिचा राग येत नाही. "मी तिच्या जागी असते तर घागर डोक्यात घातली असती," त्या म्हणतात.