पंचवीस मिनिटांचा परीक्षक

जयसिंग शेलारने गेल्या सहा वर्षांत एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहिला नव्हता, आणि तरीही संत तुकाराम नगरहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पिक्चरबद्दलचा शेवटचा शब्द त्याचाच असे. आपण काही लबाडी करतो असं त्याला कधी वाटलं नाही. बाहेरून येणारा माल तपासणं हे त्याचं कंपनीतलं काम. पाचशे बुशांचा, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या लोखंडी कड्यांचा, लॉट आला तर पाचशे मोजत कोण बसतं? त्यातले तेरा उचलायचे, मापायचे, दोन चुकीचे निघाले की अख्ख्या लॉटला लाल टॅग. बावीस वर्षं त्याने हेच केलं. मग पिक्चर असा कोण लागून गेला? शुक्रवारी पहिली पाळी संपली की चिंचवडला संध्याकाळचा शो गाठायचा, पंचवीस मिनिटं बघायचं, उठायचं. बायकोने त्याच्याबरोबर जाणं केव्हाच सोडलं होतं. एवढ्याशा वेळासाठी साडी कोण नेसणार, असं ती म्हणे.

शनिवारी पहाटे बस सुटली की दरबार भरायचा. बसमधली माणसंही त्याच लायकीची. फोर्कलिफ्ट चालवणारा सुजित तिकीट काढायच्या आधीच पिक्चर भारी म्हणायचा आणि मोबाइलवर कुणी त्याला नावं ठेवली की "मी तर तेव्हाच बोललो होतो" म्हणायचा. पगाराच्या खात्यातल्या विजयश्रीबाई पिक्चरची किंमत रडण्यावर करायच्या. डोळे कोरडे राहिले तर त्यांना फसवल्यासारखं व्हायचं. सिद्धेशला फक्त मारामारी लागे. गेल्याच महिन्यात एका हिरोने एका हाताने ट्रक उलटवला, त्यावर मोशीपासून चाकण चौकापर्यंत वाद चालला, आणि रोज ट्रकखाली वाकून काम करणारी ही माणसं तो ट्रक खरंच उलटला असता की नाही यावर तावातावाने बोलत होती. शेवटी सगळे जयसिंगकडे वळायचे. तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "रिजेक्ट." किंवा, वर्षातून दोनदा, "चालेल." एवढ्यावर चाळीस माणसं आपला रविवार ठरवायची. दुसऱ्याचं मत फुकट मिळत असेल तर स्वतःचं कोण करील?

या बसच्या शेवटच्या बाकावर ज्योतीराम बसायचा. धाराशिवकडचा माणूस, प्रेस शॉपला पत्रे दाबायच्या मशीनवर, अंगाने आडवा आणि बोलण्यात कंजूष. त्याची मुलगी वर्षाली कॉलेजच्या एकांकिका करता करता मुंबईला गेली होती, आणि तीन वर्षांच्या खटपटीनंतर तिला एका मराठी पिक्चरमध्ये काम मिळालं होतं. पिक्चर शुक्रवारी चिंचवडला लागणार होता, रोज एक शो, तोही अवघड वेळेला. ज्योतीरामने आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये उभं राहून विनंती केली, की रविवारी सगळ्यांनी मिळून येऊया. त्याची बायको मंजुळाबाई शेत सोडून शनिवारी गावाहून येणार होती. लेकीला पडद्यावर दोघांनी एकत्र बघायचं, आणि ओळखीच्या माणसांत बसून बघायचं, म्हणून तो स्वतः शुक्रवारी गेलाच नाही. कागदावर अडतीस नावं पडली. सुजितने तर पाच लिहिली.

जयसिंग मात्र शुक्रवारीच गेला. पडद्यावर एक म्हातारा बांधावरून चालत होता. बराच वेळ चालला. मग विहिरीवर चार बायका पाणी शेंदू लागल्या. त्यातली एखादी वर्षाली असावी असं तो धरून चालला. मग म्हातारा परत आला. पंचविसाव्या मिनिटाला जयसिंग उठला, बाहेर समोसा खाल्ला आणि बसच्या ग्रुपवर लिहिलं, की लॉट रिजेक्ट, म्हातारा चालतो आणि कुणी बोलत नाही. ज्योतीरामचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला होता, नाही असं नाही. पण ओळखीचा सप्लायर म्हणून त्याने कधी चुकीचा माल आत घेतला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला भलता अभिमान होता.

शनिवारी बस चाकणला पोहोचेपर्यंत कागद निम्मा झाला आणि संध्याकाळपर्यंत कोरा. सिद्धेशला मावसभावाचा साखरपुडा आठवला. विजयश्रीबाईंनी मोबाइलवर आला की नक्की बघते म्हणून सांगितलं. सुजितने पाचही नावं एका रेघेत खोडली आणि वर, मराठी पिक्चरवाले सुधारणार नाहीत, असं भाषण दिलं.

रविवारी ज्योतीराम आणि नवी साडी नेसलेली मंजुळाबाई दोघंच थिएटरला गेली. एकही तिकीट खपलं नाही म्हणून शो रद्द केल्याचं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. दोघांसाठी पडदा चालू करत नाहीत. सोमवारपासून त्या वेळेला ट्रक उलटवणाऱ्या हिरोचा पिक्चर परत लागणार होता. हा पिक्चर आता जवळपास कुठेच नव्हता, फक्त लांब बारामतीला, तोही गुरुवारपर्यंत.

सोमवारी बस निघाली आणि ज्योतीराम शेवटचा बाक सोडून जयसिंगच्या शेजारी येऊन बसला.

"जयसिंगभाऊ, आमचा शो तर रद्द झाला. तुमी बघितलाय. आमची वर्षाली कशी दिसली, तेवढं सांगा. मंजुळा सारखं इचारायलीय."

चांगली दिसली, एवढं म्हणून भागलं असतं. बसमधल्या दुसऱ्या कुणीही तेच म्हटलं असतं. पण जयसिंग कितीही आगाऊ असला तरी न मोजलेलं माप त्याने बावीस वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. तेरा म्हणजे तेरा, तो खरंच मोजायचा.

"मला ती दिसली नाही," तो म्हणाला. "मी पंचविसाव्या मिनिटाला उठलो."

"म्हंजे बघितलाच न्हाई तुमी."

"सॅम्पल बघितलं."

"माझी पोरगी सॅम्पलात नव्हती," ज्योतीराम म्हणाला. "ती मध्यंतराच्या नंतर हाय."

मागून सुजित लगेच म्हणाला, की जयसिंगभाऊंचा आपल्याला पहिल्यापासून डाउट होता. त्यावर माना डोलावल्या गेल्या. ज्यांनी परवा नावं खोडली तीच ही डोकी. आता त्यांना संतापायला माणूस मिळाला होता आणि त्यासाठीही तिकीट लागत नव्हतं.

उतरताना जयसिंग ज्योतीरामला एवढंच म्हणाला, की बुधवारी सुट्टी टाका, बारामतीला जाऊ, गाडी माझी.

बारामतीच्या थिएटरात अकरा माणसं होती. ज्योतीराम आणि मंजुळाबाईंनी जयसिंगला मध्ये बसवलं. म्हातारा बांधावरून चालू लागला. पंचविसाव्या मिनिटाला जयसिंगचे पाय सवयीने हलले, पण डावीकडे ज्योतीरामचा गुडघा होता आणि उजवीकडे मंजुळाबाईंची जेवणाची पिशवी. पिक्चर पुढेही सुधारला नाही. मध्यंतरात भाकरी खाल्ली. त्यानंतर अर्ध्या तासाने सरकारी दवाखान्यातली नर्स आली, म्हातारा मेल्यावर त्याचं सामान मुलाच्या ताब्यात देणारी. ती वर्षाली. चष्मा, चपला, एक धोतर. धोतराची घडी घालता घालता ती थांबली, तिने मुलाकडे बघितलं आणि अर्धवट घडी त्याच्या हातात दिली. चारेक मिनिटांचं काम. जयसिंगने या चार मिनिटांत एकदाही खुर्चीत चुळबुळ केली नाही.

"घरी कधी टॉवेलाची घडी केली न्हाई हिनं," मंजुळाबाई पदराने नाक पुसत पुटपुटल्या.

दिवे लागायच्या आत ज्योतीरामने निकाल दिला. "पिक्चर पार भंगार हाय, भाऊ. पोरगी तेवढी चांगलं करायलीय."

खरंच भंगार होता. जयसिंगने मान हलवली आणि उठायला लागला.

"बसा," मंजुळाबाई म्हणाल्या. "नाव यायचंय अजून."

तो बसला. काळ्या पडद्यावर नावं सरसर वर जात होती, लाइटवाले, गाडीवाले, जेवणवाले. मंजुळाबाई एकेक अक्षर लावून वाचायच्या. त्यांचं एक नाव वाचून होईपर्यंत दहा निघून जायची. पडदा कोरा झाला तरी त्या वाकून बघतच राहिल्या. वर्षालीचं नाव जयसिंगलाही सापडलं नव्हतं.

"आलं का वो?"

"आलं," जयसिंग म्हणाला. "डावीकडनं दुसरं. मी बघितलं."