झेंडूचा हार आणि गाड्यांचा गेम

दिंडोरीच्या माझ्या धाकट्या चुलतभावाने नवा कॉम्प्युटर घेतला आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पावशेर ओवा खाऊनही थांबेना. गाड्यांच्या शर्यतीचा एक नवा गेम त्याच्याकडे लोण्यासारखा चालत होता. आणि माझ्याकडे? तोच गेम मलाही खेळायचा होता, एकदा तरी!

"दादा, तुझ्या कॉम्प्युटरवर चालंल का बघ ना," तो फोनवर म्हणाला. "तपासायची साइट हाय."

माझा कॉम्प्युटर म्हणजे बटण दाबून द्वारका चौकात जावं, तो जिवंत ओलांडावा, भाजी घेऊन परत यावं, तेव्हा कुठे डोळे किलकिले करणार. साइटने त्याला तपासलं. प्रोसेसरला लाल फुली, ग्राफिक्स कार्डला लाल फुली, मेमरीला तर अशी लाल की अख्खी खोली उजळली. एकच हिरवी खूण: डिस्कवर जागा.

"जागा भरपूर आहे," मी भावाला ठणकावून कळवलं.

"जागा तर आमच्या गोठ्यात पण लय हाय, दादा!"

दसऱ्याला त्याच्याकडे गेलो. अंगणात पूजेला ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, छाटणीच्या कात्र्या, आणि शेवटी चौरंगावर, नवरदेवासारखा, तो! भावंडांत मी मोठा, म्हणून हार घालायचा मान माझा. ट्रॅक्टरसाठी आणलेला झेंडूचा गलेलठ्ठ हार मी उचलला आणि कॉम्प्युटरच्या पाठीवर, गरम हवा बाहेर पडते नेमकी तिथे, दोन वेढे देऊन चढवला. भक्ती म्हणा, जळफळाट म्हणा.

भाऊ बिचारा साधा. पूजा झाल्यावर चौरंगापाशीच खुर्ची ओढून म्हणाला, "पहिली गाडी तू चालव, दादा."

काय ती गाडी! वळणावर असा घुसलो की पडद्यावरची धूळ माझ्या डोळ्यांत गेली. सगळ्यांना मागे टाकलं, शेवटची रेघ समोर आली, आणि पडदा काळा. कॉम्प्युटर तापून बंद.

"हारानं कोंडला," म्हणत भाऊ वाकला.

"हात नको लावू!" काकू ओसरीवरून कडाडली. "पूजेचा हार हाय, उद्या सकाळी उतरवायचा. त्यात मोठ्याच्या हातचा!"

मोठा मीच.

संध्याकाळची बस सोडली आणि साहेबांना फोन करून दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. कारण सांगितलं: घरच्या द्राक्षबागेची छाटणी, माझ्यावाचून अडलीय.