करवीरचा प्रलय आणि माझा काळा खडक

पुण्याहून कोल्हापूरला जायचं खरं कारण सांगते: मला जिंकायचं होतं. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि माझी अकरा वर्षांची ईरा पृथ्वी कशी झाली हे फोनवरून तिच्या आत्याला विचारते. आत्या म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं.

शनिवारी पहाटे गाडी काढली. रस्त्याची कामं चालू आहेत, पाच तास धरूनच निघा. कसबा बावड्यातून वन्संना घेतलं आणि थेट मिसळ. तिघींचे साडेतीनशे झाले. कट तिखट असतो, दही मागून घ्या.

वन्संनी पावाचा तुकडा कटात बुडवला आणि तळहातावर उचलून धरला. "प्रलयात समदं असं बुडालं बघ. तवा देवीनं आपलं करवीर असं हातावर धरलं."

"हात भाजला नाही तिचा?" गरम कटाकडे बघत ईरानं विचारलं.

"भाजला असंल की. म्हणून सोडती व्हय?"

ईराचा घास हातातच राहिला. माझ्या ज्वालामुखीच्या धड्यासाठी असा कुणाचा घास कधी थांबला नाही.

दुपारी राधानगरीकडे निघालो, दीड तासाचा रस्ता. डोंगर कापलेल्या एका वळणावर मी मुद्दाम थांबले. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा होता. मी समजावलं: लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. कोट्यवधी वर्षांपूर्वी. ईरानं फोटो काढला आणि गाडीत जाऊन बसली. वन्संनी मात्र त्या पट्ट्याला हात लावून नमस्कार केला.

"आता यातही तुम्हाला देवी दिसणार," मी जरा टोचूनच म्हणाले.

"न्हाय गं. बोअर मारताना मी देवीला न्हाय, बोअरवाल्याला इचारतो. तू म्हणतीस तेच खरं. पर एवढं जळून माती ऱ्हायली, तिला नमस्कार नको व्हय?"

पुराणात सगळं विज्ञान आहे म्हणणाऱ्यांशी मी तासन्‌तास भांडू शकते. वन्सं भांडायलाच तयार नव्हत्या, तेच जास्त झोंबलं.

रविवारी घरी आल्यावर ईराला विचारलंच, "कुणाचं खरं वाटलं?"

"तुझंच खरं आहे, आई. पण आत्या सांगते तेव्हा मी तिथे असते."

दोन्हींचा मेळ बसतो का, मला अजून ठाऊक नाही. त्या खडकात प्रलयाचं पाणी सापडत नाही, हे मी सांगतच राहणार. तरी फोन लावला. "वन्सं, ती गोष्ट मला पहिल्यापासून सांगा. कशी सांगायची ते शिकायचंय."

"सांगतो की," वन्सं म्हणाल्या. "पर आधी, तू जेवलीस काय?"