पायाकडची गाठ

दुकानातल्या रजईला ऑलिव्ह नॅट्रस पोतं म्हणायची. कुणाच्या पलंगावर तसलं काही दिसलं की मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांनी तिचा कोपरा उचलायची आणि म्हणायची, "बरं आहे. धुवायला सोपं असेल." उत्तर इंग्लंडातल्या वेअरडेलच्या अख्ख्या खोऱ्यात या 'बरं आहे'चा अर्थ न कळणारी बाई नव्हती.

चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, शिवणवर्गाचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडत. नाताळ जवळ आला की त्या बायका जाड कापडाचे लाल छातीचे पक्षी कापून नातवंडांच्या भेटवस्तूंच्या मोज्यांवर डिंकानं चिकटवत. "डिंकानं!" ऑलिव्ह म्हणायची. "सुई काय चावते का यांना? आणि वर म्हणायचं, हातानं केलंय. हातानं तर नाकही शिंकरतात."

हिचं मात्र सगळं रीतसर. ठिगळांची गोधडी तिला भिकारड्यांचं काम वाटे. अख्खं पांढरं सुती कापड घ्यायचं, त्यावर निळ्या पेन्सिलीनं गुलाब, पिसं आणि पीळ काढायचे, लाकडी चौकटीवर ताणायचं आणि रेघेवरून बारीक धावदोरा घालत जायचा. पहिला टाका पायाकडच्या डाव्या कोपऱ्यात. तिथं दोरा तीनदा फिरवून गाठ पक्की करायची, सासूनं शिकवली होती तशी. निळ्या रेघा तशाच ठेवून गोधडी नाताळला द्यायची. पहिल्या धुण्यात त्या आपोआप जातात. एका वर्षी लेकीला, दुसऱ्या वर्षी मुलाच्या घरी, असा तिचा शिरस्ता होता.

यंदा तिची बोटं वळेनात. सांधे सुजून आल्याच्या गाठींसारखे झाले होते. "ही शेवटची," तिनं उन्हाळ्यातच जाहीर केलं, तेही असं, की जणू बोटं शेजाऱ्यांनीच बिघडवली. शेवटची म्हटल्यावर ती कुणाला जाणार, हा प्रश्न आलाच. ऑलिव्हचं उत्तर ठरलेलं होतं.

लेक रोझलिंड न्यूकॅसलला, दातांच्या डॉक्टरची बायको. दर रविवारी फोन. "आई, ती मलाच हं! अगं, तुझ्या गोधड्या म्हणजे कला आहे. आमच्याकडे निदान कदर तरी होते."

"तिकडे काय कदर होते ते मला नको सांगूस," ऑलिव्ह म्हणायची आणि खूश व्हायची.

'तिकडे' म्हणजे मुलाकडे, वर डोंगरावर, कीथच्या मेंढ्यांच्या वाडीवर. कीथची बायको लोरेन सासूला सरळ नावानं हाक मारी. खोऱ्यातल्या सगळ्याच सुना मारतात, पण ऑलिव्हला ते लोरेनच्याच तोंडून टोचे. आणि गोधड्यांचे काय हाल केले होते तिनं! पोरं त्यांवर उड्या मारत. मॉस नावाचं कुत्रं त्यांवर चिखलाच्या पायांनी लोळे. एकदा मार्चच्या थंडीत लोरेननं गारठलेलं कोकरू गोधडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलं होतं. ऑलिव्ह नेमकी तेव्हाच दारात.

"माझ्या गुलाबांवर मेंढी मुतली!"

"मेंढी नाही, कोकरू," लोरेन म्हणाली. "आणि जगलं, ऑलिव्ह."

हे पुराण ऑलिव्हनं खोऱ्यात घरोघरी सांगितलं. "अक्कल वाटत होते तेव्हा ही बाई गोठा झाडत असणार," असं शेवटी जोडायची. लोरेन ऐकून न ऐकल्यासारखं करी. त्यानं तर ऑलिव्हच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

नोव्हेंबरात ती रोझलिंडकडे दोन दिवस राहायला गेली. लेक बाजारात गेलेली. खोली जरा गार वाटली म्हणून ऑलिव्हनं आणखी एक पांघरूण शोधायला कपाट उघडलं. आत तिच्या सगळ्या गोधड्या, पातळ कागदात, लॅव्हेंडरच्या पुड्या घालून, एकावर एक. तिचा ऊर भरून आला. याला म्हणतात लेक! तिनं वरच्या गोधडीची कड उलगडली.

गुलाबांवर निळी रेघ होती.

तिनं दुसरी काढली. निळी रेघ. सगळ्यात खालची, रोझलिंडच्या लग्नानंतरच्या पहिल्या नाताळातली, तीही निळीच. इतक्या वर्षांत एकीचीही घडी मोडली नव्हती. ऑलिव्ह रोझलिंडच्या झोपायच्या खोलीत गेली. पलंगावर फुगलेलं, गुळगुळीत, करड्या रंगाचं पोतं होतं.

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली. मग रडल्याचा राग आला. लेक आल्यावर ऑलिव्हनं नुसता चहा घेतला आणि केक कोरडा झालाय म्हणाली. परतीच्या बसआधी मात्र ती एका मोठ्या दुकानात शिरली आणि गुलाबाच्या नक्षीची, यंत्रावर शिवलेली एक पांढरी रजई घेऊन आली. घरी येऊन तिनं लेबल कात्रीनं उसवलं. दोरा कसला भिकार होता, हेही पाहून घेतलं. निळ्या रेघा नव्हत्याच; लेकीच्या ते लक्षात येतंय का, तेही कळणार होतं. शेवटची गोधडी तोवर पुरी होत आली होती. तिनं ती चौकटीवरून उतरवून आपल्या कपाटात टाकली.

नाताळच्या दिवशी सगळी ऑलिव्हकडे जेवायला होती. टर्की झाली, पुडिंग झालं, डोक्यांवर नाताळच्या कागदी टोप्या चढल्या. मग ऑलिव्हनं रोझलिंडच्या मांडीवर पुडकं ठेवलं.

"आई!" रोझलिंडनं कागद फाडला आणि डोळे मिटून रजई गालाला लावली. "बघा तरी हे टाके! असा एकसारखा टाका कुठल्या यंत्राला जमेल? अगं, दुखऱ्या बोटांनी केलंस हे, मला तर भरूनच येतंय."

"हो का?" ऑलिव्ह म्हणाली. तिनं चीजचा तुकडा तोंडात टाकला. पोटच्या पोरीचा एवढा तिटकारा येईल असं तिला वाटलं नव्हतं.

लोरेन रजई घडी करायला पुढे झाली. पायाकडचा कोपरा हातात घेतला, चाचपला, उलटून दुसरा चाचपला.

"ही तुमची नाही, ऑलिव्ह."

"काहीतरीच काय!" रोझलिंड म्हणाली. "तुला काय कळतंय त्यातलं? कुत्र्याखाली अंथरतेस तू."

"डाव्या कोपऱ्यात गाठ नाहीये," लोरेन म्हणाली. "आमच्या प्रत्येक गोधडीला आहे. वाटाण्याएवढी. कीथ घोरायला लागला की मी पायाच्या अंगठ्यानं तीच चाळवत पडते. नाहीतर मला झोप कुठली?"

कीथ टोपीसकट लाल झाला. रोझलिंड आईकडे वळली.

"दुकानातली आहे," ऑलिव्ह म्हणाली. "कपाट उघडलं होतं मी तुझं. निळ्याच्या निळ्या! एकदाही अंगावर घेतली नाहीस!"

"घेतली असती तर?" रोझलिंडचा आवाज फाटला. "एक डाग पडला असता तर काय केलं असतंस, आई? लोरेनची अब्रू घरोघर नेलीस तू, मी ऐकत नव्हते का? मला भीती वाटायची त्या गोधड्यांची!"

ऑलिव्ह उठली, कपाटातून शेवटची गोधडी आणली आणि लोरेनच्या अंगावर जवळजवळ फेकली.

"घे. लोळव त्या कुत्र्याला."

लोरेननं ती उलगडली, डावा कोपरा चाचपला आणि परत घडी केली.

"मला नको. माझी अजून फाटली नाही. तुम्ही झोपलात का कधी एखादीखाली?"

"मी?" ऑलिव्ह म्हणाली. "मी कशाला झोपू? माझ्याकडे विल्फच्या घोंगड्या आहेत." नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. गोधड्या सगळ्या देण्यासाठीच होत्या.

"मग झोपून बघा," लोरेन म्हणाली आणि ताटं उचलायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घर रिकामं झाल्यावर, ऑलिव्ह गोधडी ओढून आडवी झाली. ऊब चांगली होती, तेवढं तिनं मान्य केलं. मग तिनं पाय ताणला आणि डाव्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. कडक, ओबडधोबड, नेमकं पाय ठेवायच्या जागी.

"शी!" ती मोठ्यानं म्हणाली. "हे काय काम झालं? कुठल्या मूर्ख बाईनं इथं गाठ मारली?"

चॅपलच्या बायकांनी असलं काही केलं असतं तर तिनं वर्षभर पुरवून पुरवून हसून घेतलं असतं. आणि ही लोरेन इतकी वर्षं त्यावर पाय ठेवून झोपत होती, एका शब्दानं कुरकुरली नव्हती.

ऑलिव्हनं पाय बाजूला घेतला. थोड्या वेळानं तो परत तिथंच नेला.